घराची ओढ आणि ज्ञानाचा प्रवास



मुलाला शिक्षणासाठी दूरच्या मदरशात किंवा वसतिगृहात ठेवले की पहिल्या काही दिवसांतच त्याचा रडवेला फोन येतो. अशा वेळी आपण त्याला सांगतो, ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, अशी हदीस आहे. घराची आठवण काढणे म्हणजे जणू ईमानचा कमकुवतपणा, असा त्या मुलाचा समज होतो. उलट, परदेशी नोकरीला गेलेला मनुष्य गावाच्या आठवणीने व्याकुळ झाला की मायभूमीचे प्रेम हा ईमानचा भाग आहे, असे दुसरे वचन तो स्वतःच्या समाधानासाठी सांगतो.

ही दोन्ही वचने अत्यंत प्रसिद्ध आहेत, परंतु आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावाने ती सांगण्यापूर्वी थांबले पाहिजे. चीनच्या वचनाला इमाम इब्ने जौजी (रह.) यांनी रचित हदीसांच्या आपल्या संग्रहात स्थान दिले आहे. मायभूमीच्या वचनाविषयी इमाम सखावी (रह.) लिहितात की, त्याचा अर्थ योग्य असला तरी ते हदीस म्हणून त्यांना कोठे आढळले नाही. प्रेषितांनी जे म्हटलेले नाही ते त्यांच्या नावावर सांगणे ही गंभीर बाब आहे.

मग या विषयावर प्रमाणित शिकवण नाही काय? आहे, आणि ती या वचनांपेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहे.

हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) आपल्या जमातीतील काही समवयस्क तरुणांसह मदीनेला आले आणि वीस रात्री प्रेषितांच्या सहवासात राहिले. सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये ते स्वतः सांगतात की, प्रेषित अत्यंत दयाळू होते. या तरुणांना घरच्यांची ओढ लागली आहे हे त्यांच्या लक्षात आले. घरी कोणाकोणाला सोडून आलात, याची त्यांनी आस्थेने चौकशी केली. मग आपल्या माणसांत परत जा, त्यांच्यात राहा, त्यांना शिकवा, असा आदेश दिला. मला पाहिले तशी नमाज अदा करा, वेळ झाली की एकाने अजान द्यावी आणि वयाने मोठा असेल त्याने इमामत करावी, हेही समजावून सांगितले.

विचार करा. सर्वश्रेष्ठ गुरूंचा सहवास लाभलेला असतानाही या तरुणांना घर आठवले. त्यांच्या ईमानबद्दल प्रेषितांनी शंका घेतली नाही. त्यांनी तरुणांची ओढ ओळखली आणि तिलाच ज्ञानप्रसाराचे कारण बनवले.

हिजरतीनंतर मदीनेत हजरत बिलाल (रजि.) तापाने आजारी पडले, तेव्हा मक्केतील गवत, पाणी आणि डोंगर आठवून ते व्याकुळ होत. ज्या शहरात त्यांचा अमानुष छळ झाला, त्याच शहराची ही आठवण! हजरत आयेशा (रजि.) यांनी हे प्रेषितांना सांगितले. प्रेषितांनी बिलाल (रजि.) यांना दोष दिला नाही. मक्केइतकी किंवा त्याहूनही अधिक मदीना आम्हांला प्रिय कर, अशी दुआ त्यांनी अल्लाहकडे केली.

तथापि या ओढीमुळे ज्ञानाचा प्रवास थांबत नाही. जो ज्ञानाच्या शोधात वाट चालतो त्याच्यासाठी अल्लाह जन्नतची वाट सुलभ करतो, असा आशय सहीह मुस्लिममध्ये आला आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी केवळ एका हदीससाठी महिनाभराचा प्रवास केला. सूरह तौबाच्या 122 व्या आयतीत धर्माची जाण मिळवण्याबरोबरच आपल्या लोकांना सावध करण्याची जबाबदारीही सांगितली आहे. म्हणजे शिकलेल्याचा घरच्यांशी असलेला संबंध तुटत नाही, उलट अधिक अर्थपूर्ण होतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, यापुढे मुलाचा रडवेला फोन आला तर चीनचे वचन सांगू नका. कोणाची आठवण येते, जेवण कसे आहे, सोबती कसे आहेत, हे विचारा. बिलाल (रजि.) यांनाही घर आठवले होते, हे त्याला सांगा. तेथे त्याचे मन रमावे अशी दुआ करा. तो सुट्टीत घरी आला की त्याच्याकडून एखादी दुआ किंवा एखादी आयत शिकून घ्या. धाकट्या भावंडांना त्याच्या मागे नमाजला उभे करा. आपल्या शिकण्याची घरी वाट पाहिली जाते, हे त्याला कळू द्या.

अल्लाह आपल्या मुलांना लाभदायक ज्ञान देवो आणि त्यांचा प्रवास सुखाचा करो. आमीन.