माहीमचा बुधवार बायबलमध्ये आहे का?

प्रश्न : आम्ही वरळी कोळीवाड्यातले हिंदू कोळी. घरात एकवीरा आईचा फोटो, नवस गोल्फादेवीला. तरी आमची आजी बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जाते आणि सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला सगळं घर वांद्र्याला जातं. माझी एक प्रोटेस्टंट मैत्रीण म्हणते की नोव्हेना, मेणाचे हातपाय, मरियेची तसबीर यातलं काहीच बायबलमध्ये नाही. मग हे सगळं आलं कुठून? आणि चर्चने ते चालू कसं दिलं?
— एक वाचक, वरळी कोळीवाडा

उत्तर : तुमच्या मैत्रिणीची माहिती बरोबर आहे. बायबलमध्ये ‘नोव्हेना’ हा शब्द नाही, मेणाचा पाय नाही आणि 8 सप्टेंबर ही तारीखही नाही. पण तेवढ्यावरून या चालीरीती उपऱ्या ठरत नाहीत. नव्या करारात आज जी 27 पुस्तके आहेत, नेमकी तेवढ्यांचीच यादी पहिल्यांदा सापडते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या 367 सालच्या पत्रात. तोवर ख्रिस्ती माणसे तीनशेहून अधिक वर्षे प्रार्थना करत होती, सण पाळत होती, हुतात्म्यांच्या थडग्यांवर दिवे लावत होती. कॅथलिक परंपरेत पुष्कळदा असेच घडत आले आहे : लोक आधी प्रार्थना करतात, चर्च ती पारखून घेते आणि शिकवण सर्वांत शेवटी शब्दांत मांडली जाते. आजीचा बुधवार याचा चांगला दाखला आहे.

पुढच्या खेपेला आजीबरोबर जाल तेव्हा नोव्हेनाची तसबीर जवळून बघा. ही निरंतर साहाय्य माता. सोनेरी पार्श्वभूमीवर मरिया आणि तिच्या कडेवर बाळ येशू. बाळ मान वळवून मागे बघतो आहे, दोन्ही हातांनी त्याने आईचा हात धरला आहे आणि एका पायातली चप्पल सुटून नुसत्या बंदावर लोंबते आहे. तो घाबरला आहे, कारण वर दोन देवदूत त्याच्या पुढच्या मरणाची हत्यारे घेऊन उभे आहेत. गॅब्रिएलकडे क्रूस आणि खिळे, मायकेलकडे भाला. ज्याच्या नावाने माहीमचे चर्च आहे तोच हा मायकेल. चित्र पूर्वेकडच्या ग्रीक चर्चच्या शैलीतले. परंपरा सांगते की ते क्रीट बेटावरून रोमला आले. 1866 मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या स्वाधीन केले आणि या संघाने त्याच्या प्रती जगभर नेल्या.

मरियेच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरे दिसतील. त्यांचा अर्थ ‘देवाची माता’. या दोन शब्दांवरून पाचव्या शतकात मोठे वादळ उठले होते. सामान्य भाविक मरियेला या नावाने हाक मारत होतेच. कॉन्स्टँटिनोपलचे धर्माधिपती नेस्टोरियस म्हणाले, तिला फार तर ‘ख्रिस्ताची माता’ म्हणा; देवाला आई कशी असेल? अलेक्झांड्रियाचे सिरिल यांनी त्यांना विरोध केला. येशू एकच व्यक्ती आहे, त्याच्यातला देव वेगळा आणि माणूस वेगळा काढता येत नाही, म्हणून त्याची आई ती देवाची आई, असा त्यांचा युक्तिवाद. 431 मध्ये इफिसच्या धर्मसभेने सिरिल यांची बाजू उचलून धरली. भाविकांच्या तोंडी आधीच असलेले नाव असे अधिकृत झाले.

मग तसबिरीचे काय? आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी पवित्र चित्रे नष्ट करण्याचा सपाटा लावला. त्यावर 787 च्या दुसऱ्या नायसिया धर्मसभेने निर्णय दिला : आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान, आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो. कॅथलिक चर्च आजही हाच भेद पाळते. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांपैकी अनेकांनी तो अमान्य केला. फक्त शास्त्राचा आधार हवा, हा त्यांचा आग्रह. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेल्या मराठी मंडळ्या याच विचाराच्या. तुमच्या मैत्रिणीचे मत हाही ख्रिस्ती परंपरेतलाच एक जुना, गंभीर प्रवाह आहे.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि नऊ या आकड्याला मात्र बायबलचा धागा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्य आणि मरिया एकत्र प्रार्थना करत राहतात आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा येतो. मधले दिवस मोजले तर नऊ. त्यावरून नऊ दिवसांची प्रार्थना रुळली आणि पुढे नऊ आठवड्यांचीही. माहीमचे चर्च पोर्तुगीज काळातले. त्याची स्थापना 1534 ची सांगतात. बुधवारचा नोव्हेना त्यामानाने अगदी अलीकडचा. बेलफास्टमध्ये ही भक्ती पाहून आलेल्या फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी 8 सप्टेंबर 1948 रोजी तो सुरू केला. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होई. मिस्सा लोकांच्या भाषेत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर, 1960 च्या दशकात. नोव्हेनाला हे बंधन नव्हते. तिथे माणसाला आपल्या भाषेत आपले दुखणे देवापुढे ठेवता येई. तो इतका फोफावण्याचे हे एक मोठे कारण मला वाटते.

मेणाचे हातपाय तर ख्रिस्ती धर्माहून जुने. ग्रीक लोक आरोग्यदेव अस्क्लेपियसच्या देवळात बऱ्या झालेल्या अवयवांच्या मातीच्या प्रतिकृती वाहत. पाचव्या शतकात सीरियातले बिशप थिओडोरेट लिहितात की हुतात्म्यांच्या समाधींवर लोक डोळे, हात, पाय यांच्या सोन्याचांदीच्या प्रतिमा आणून ठेवतात. त्यांनी याबद्दल नाक मुरडले नाही, उलट बरे झाल्याची साक्ष म्हणून ते सांगितले. चर्चबाहेर मेणाचे घर किंवा मेणाचे बाळ विकत घेणारी बाई ही परंपरा पुढे नेते आहे.

मोत माउलीची जत्रा भरते ती मरियेच्या जन्मदिवसानिमित्त, 8 सप्टेंबरच्या सुमारास. मरियेच्या जन्माची कथा, तिच्या आईवडिलांची अ‍ॅना आणि योआकिम ही नावे, हे सारे दुसऱ्या शतकातल्या ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या पुस्तकातून आले. चर्चने ते पुस्तक बायबलमध्ये घेतले नाही, पण सण ठेवला. पारखणे म्हणतात ते हे. याचे दुसरे टोक म्हणजे मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. तो सहाव्या शतकापासून पाळला जात असल्याचे दिसते. मात्र ती बंधनकारक शिकवण म्हणून जाहीर झाली 1950 मध्ये.

राहिला तुमच्या घराचा प्रश्न. नोव्हेनाला बसायला, मेणबत्ती लावायला, नवस बोलायला बाप्तिस्म्याची अट नाही. मिस्सेतला परमप्रसाद मात्र बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठीच असतो, तेव्हा त्या वेळी आपल्या जागी बसून राहावे. मैत्रिणीला सांगा की तिचा प्रश्न योग्य होता, तो चर्चच्या धर्मसभांमध्येही विचारला गेला आहे. आणि आजीला सांगा की ती करते त्याला बिशपांच्या सह्यांइतकेच तिच्यासारख्या साध्या माणसांनी घडवले आहे.