आधी सावली, मग पाणी, मग लेकरं

पोरी, परीक्षा संपल्या की पुण्या-नांदेडची लेकरं गंगाखेडच्या स्टेशनावर उतरतील आणि या वर्षी घर, परस, कोंबड्या, शेळ्या सगळं तुझ्या पदरात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, हे तुला सांगायला नको. पण घाबरू नको. उन्हाशी भांडणारा दमतो, उन्हाला चुकवणारा दोन घास जास्त खातो. लेकरू, वेल आणि कोंबडी, तिघांचं या दिवसांत मागणं सारखंच असतं. फक्त लेकरू ओरडून मागतं आणि बाकीची दोघं मुकाट्यानं माना टाकतात.

दिवसाची घडी

१. बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत उरक, राहिलेलं पाचनंतर — भर दुपारी तासभर राबलीस तर सगळी संध्याकाळ डोकं धरून बसशील.

२. लेकरं आली की पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकेक जीव वाटून दे : एकाला तांबडी कोंबडी, एकीला दोडक्याचा वेल, एकाला शेळीचं करडू — ‘पाणी घाल’ म्हटलेलं लेकरू विसरतं, ‘ही तुझी’ म्हटलेलं विसरत नाही.

३. धाकट्याला मोठ्याच्या हाताखाली देऊ नको, त्याला त्याचं वेगळं काम दे — हाताखालचा गडी तिसऱ्या दिवशी संपावर जातो आणि मग दोघांची भांडणं तुला सोडवावी लागतात.

४. पण जो बोकड बाजारात न्यायचा ठरलाय, त्याला नाव ठेवू देऊ नको — नाव ठेवलेला बोकड गेला की घरात दोन दिवस कुणी नीट जेवत नाही, आणि दोष तुझ्यावर येतो.

५. कुरडया-पापड सात वाजायच्या आत गच्चीवर पसर, आणि राखणदाराला काठी देऊन जिन्याच्या सावलीत बसव — कावळ्यापेक्षा राखणदारच जास्त खातो, म्हणून चीक शिजवतानाच दोन मुठी वाढीव धर.

६. दुपारचा मोबाईल सरसकट बंद करायला जाऊ नको, वेळ ठरवून दे — बंदी घातलेलं लेकरू गुपचूप दार उघडून बाहेर जातं, आणि दुपारी ते बाहेर कुठे जातं ते खाली सांगते.

नदी

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कंटाळू नको. गोदावरी आपली आई आहे, काठावर जनाबाईचं देऊळ आहे, लेकरांना संध्याकाळी दर्शनाला जरूर ने. पण उन्हाळ्यातली नदी लेकरांना फसवते. पात्र कोरडं दिसतं, मधे गुडघाभर पाणी दिसतं, आणि त्या पाण्याखाली वाळू उपसून झालेला पुरुषभर खड्डा असतो. वरून काही कळत नाही. कडेची वाळूही पायाखालून सरकते. शहरात तरणतलावात पोहायला शिकलेलं लेकरू तर जास्तच धीट असतं, त्याला वाटतं आपल्याला येतं. तलावाचा तळ सपाट असतो, नदीचा नसतो.

७. ‘नदीवर जायचं नाही’ असं म्हणू नको, ‘माझ्याबरोबर जायचं’ असं म्हण — नुसता नकार मोडायलाच असतो.

८. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचं कानावर आलं की चार दिवस पात्रात पाय ठेवू देऊ नको — काल चाललेली वाट आज पाण्याखाली असते.

९. कुणी बुडताना दिसलं तर पाण्यात उडी टाकायची नाही. ओरडायचं आणि ओढणी, दोर, काठी, रिकामा कॅन जे हाती लागेल ते फेकायचं, हे लेकरांकडून चार वेळा वदवून घे — एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, असं बऱ्याचदा घडतं.

१०. दुपारी दोन ते चार घरातली लेकरं मोज — गुपचूप दार उघडून गेलेलं लेकरू याच वेळी नदीवर असतं, आणि मोजायला मिनिट लागत नाही.

घरातलं पाणी

११. हौदावर, ड्रमवर झाकण, आणि रिकामी बादली पालथी — रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं.

१२. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, कूलरची टाकी, पक्ष्यांचं पाण्याचं ताट रिकामं करून घासून कोरडं ठेव — डेंगीच्या डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत आपण घासणी फिरवायची.

१३. कूलरमध्ये पाणी भरायचं तर आधी बटण बंद करून पिन काढ, आणि लेकरांना ओल्या हातानं पत्र्याच्या कूलरला हात लावू देऊ नको — आपल्याकडे उन्हाळ्यात विजेचा धक्का बसतो तो बऱ्याचदा तिथेच.

१४. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी मोरीत जाऊ देऊ नको, बादली लाव — नळ आठवड्यानं येवो की रोज, वेलाला रोज तहान लागते.

१५. तहान लागली असं लेकरू म्हणायच्या आधीच ताक, पन्हं, आंबील हातात दे — खेळात रमलेल्याला तहान कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

१६. जुलाब लागले आणि घरात ओआरएसची पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ — अंदाजानं घालू नको, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात आणि मीठ जास्त झालं तर त्याहून वाईट. उरलेलं दुसऱ्या दिवशी ठेवू नको.

१७. अंग तापलंय आणि लेकरू असंबद्ध बोलतंय, झोपाळल्यासारखं करतंय, तर सावलीत घे, कपडे सैल कर, अंग ओलं करून वारा घाल आणि १०८ ला फोन लाव. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नको — ते श्वासनलिकेत जातं. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायच्या कांद्याबद्दल विचारशील तर ठेव बापडा, पण टोपी कांद्याच्या भरवशावर घरी ठेवू नको.

परस

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. तू वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि मूळ कोरडंच राहतं. म्हणून :

१८. पाणी घालायच्या आधी खुरप्यानं वरचा थर हलव, भेगा बुजव, मग घाल — आणि वरून सोयाबीनचा भुसा नाहीतर उसाचं पाचट अंथर, म्हणजे तेच पाणी दोन दिवस पुरतं.

१९. वेलाशेजारी माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेव, तोंडावर झाकण टाक — पाणी पाझरून मुळापाशीच जातं, तणाला मिळत नाही. मात्र पाणी गार करेनासा झालेला जुना माठ त्यासाठी काढू नको, त्याची छिद्रं बुजलेली असतात. तो काय पाझरणार?

२०. भेंडी लावशील तर परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ नाव लेकरांना सांग — भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देणारं म्हणून ते वाण देशभर गेलं, आणि पोरांना वाटतं परभणीला फक्त रेल्वे बदलायची असते.

२१. भेंडी दिवसाआड तोड, मोठी होईल म्हणून थांबू नको — एक भेंडी जून झाली की झाड पुढच्या फुलांचा आळस करतं. तोडणाऱ्याच्या हाताला खाज सुटते, म्हणून बाह्या खाली ओढायला सांग.

२२. झाडं लावायचे खड्डे आत्ताच, मे महिन्यात, पहाटे खणून ठेव, दोन फूट लांब, तितकेच रुंद आणि खोल — माती उन्हात तापली की किडी आणि तणाचं बी मरतं. रोप मात्र पाऊस लागल्यावरच. खणताना थोरल्याला घे, कुदळ हातात आली की त्याला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं.

२३. गावरान आंबे खायच्या आधी तासभर पाण्यात बुडवून ठेव — देठाचा चीक ओठाला लागला की लेकराचं तोंड उततं आणि सुट्टीतले तीन दिवस वाया जातात.

कोंबड्या, शेळ्या

२४. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून, पंख अंगापासून सोडून धापा टाकायला लागली की समज तिला ऊन झेपेना — खुराड्यावर ओलं गोणपाट टाक, पाणी सावलीत ठेव आणि दुपारी दोनदा बदल. तापलेलं पाणी ती पीत नाही.

२५. दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर — दुपारी खाल्लेलं पचवताना तिचं अंग आणखी तापतं. अंडी कमी झाली म्हणून तिला बोलू नको, तुझ्याही भाकरी मे महिन्यात कमी होतात.

२६. खुडूक कोंबडी बसवायचीच असेल तर तीन-चार दिवसांच्या आतली अंडी घे, आणि टोपलीखाली ओलसर वाळू ठेव — उन्हाळ्यात जुनं अंडं लवकर नासतं. एकविसाव्या दिवसावर लेकरांना भिंतीवर खूण करायला लाव. त्या आठवड्यात कुणी नदीचं नाव काढणार नाही.

२७. लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी शेळीपुढे ओतू नको, लेकरांनाही ओतू देऊ नको — पोट आंबून शेळी एका रात्रीत जाते. तिच्यावर प्रेम दाखवायचं तर सुबाभळीचा पाला दाखव.

२८. वळवाची सर पडली की ज्वारीच्या धसकटांना पोपटी कोंब फुटतात, तिकडे शेळी सोडू नको — कोवळ्या ज्वारीत विष असतं, त्याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात. कोंब दिसायला जितके गोड, तितके वाईट. अशी शेळी लडखडली तर १९६२ ला फोन कर, जनावरांचा फिरता दवाखाना तिथून मिळतो.

२९. कुत्रं चावलं, नुसतं दात लागून खरचटलं तरी, जखम नळाच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी लसीला ने — हळद-चुन्यावर रात्र काढायची नाही. लेकरं मार बसेल म्हणून चावल्याचं लपवतात, म्हणून आधीच सांगून ठेव की मार बसणार नाही.

विंचू-काटा

जनाबाईच्या गोवऱ्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू यायचं, अशी कथा आहे. आपल्या गोवऱ्यांतून विंचू निघतो.

३०. गोवऱ्या, सरपण, विटांचा ढीग लेकरांना उपसायला लावू नको; चप्पल-बूट घालण्याआधी झटकायची सवय लाव — विंचवाला दुपारी आपल्यासारखीच सावली लागते.

३१. लाल विंचू चावला आणि लेकराला दरदरून घाम आला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर मांत्रिकाचा उंबरा न चढता सरळ सरकारी दवाखाना — जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडला राहून प्राझोसिन या गोळीनं विंचूदंशाचे रोगी वाचवले, त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध हाताशी असताना मंत्र कशाला? गोळी मात्र डॉक्टरनंच द्यायची.

३२. रात्री जमिनीवर नाही, बाजेवर झोपव, आणि मच्छरदाणी गादीखाली खोच — मण्यार अंधारात अंथरुणात येते, तिच्या चावण्याला फारशी आग होत नाही आणि सकाळपर्यंत कळतही नाही. गच्चीवर झोपणार असाल तर कठड्याच्या बाजूला मोठं माणूस.

३३. १०८ आणि १९६२ हे दोन आकडे कोळशानं दाराशेजारी लिही, लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर — गडबडीत मोबाईलमधलं नाव सापडत नाही, भिंत सापडते.

एक राहिलं. मृग लागतो ७-८ जूनला, आणि पहिल्या पावसाबरोबर शेळीला आंत्रविषार नि गाई-म्हशीला घटसर्प, फऱ्या गाठतात. लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा मेच्या मध्यालाच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन दिवस विचारून ये, आणि ज्या लेकराची शेळी आहे त्याला दावं धरायला बरोबर ने. पावसात चिखल तुडवत डॉक्टरला शोधत फिरू नको, पोरी.