वॉशिंग मशीन घेण्याआधी घरातील अर्थिंग पाहा

फोंडा तालुक्यातील एका गावच्या महिला मंडळात कपडे धुण्याच्या यंत्राविषयी बोलण्याचा प्रसंग मागे एकदा आला होता. यंत्र कसे चालवावे हे सांगून झाल्यावर एका गृहिणीने विचारले, ‘‘आमच्या मशीनला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. म्हणून मी रबरी चपला घालूनच ते लावते. चालेल ना?’’ यावर बसलेल्यांपैकी आणखी चार-पाच जणींनी आपल्या घरीही असेच होते, असे सांगितले. हे ऐकून माझ्या तयार भाषणाचा बराचसा भाग बिनमहत्त्वाचा होता, असे मला वाटले.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. या दिवसांत पडवीत वाळत घातलेले कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, त्यांना कुबट वास येतो. पिळून काढण्याचे काम यंत्र उत्तम करते, आणि म्हणूनच ते आपल्याकडे चैनीची वस्तू राहिलेले नाही. परंतु यंत्र नवे आले तरी त्याच्यामागची भिंत व भिंतीतील वायरिंग पुष्कळ घरांत जुनेच असते. चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढ्याचाच विचार करून ते कधीकाळी केलेले असते.

मुंग्या का येतात, हे समजून घेणे अवघड नाही. आजच्या बहुतेक यंत्रांत इलेक्ट्रॉनिक भाग असतात. विजेतील खरखर गाळण्यासाठी वायर आत शिरते तेथे एक लहान फिल्टर बसवलेला असतो. त्यातून अत्यल्प प्रवाह यंत्राच्या धातूच्या अंगावर येतो आणि अर्थिंगच्या तारेतून जमिनीत निघून जातो. ही तार नसेल तर त्या प्रवाहाला वाट राहत नाही व यंत्राचे अंग साधारण 115 व्होल्ट, म्हणजे घरातील 230 व्होल्टच्या निम्म्या दाबावर तरंगत राहते. प्रवाह अगदी क्षीण असल्याने केवळ झिणझिण्या येतात. यंत्र बहुधा धडधाकट असते, पण घरात अर्थिंग नाही असा निरोप ते देत असते. फिल्टर नसलेल्या साध्या, जुन्या यंत्राला हात लावून मुंग्या आल्या तर मात्र आत ओल शिरली आहे असे समजून ते तात्काळ बंद करावे.

खरा धोका पुढे आहे. यंत्राच्या खालच्या मोकळ्या जागेतून उंदीर आत शिरतात व तारा कुरतडतात. पाणी गळून मोटर भिजते. अशा वेळी पूर्ण 230 व्होल्टचा दाब यंत्राच्या अंगावर येतो. ओल्या हाताची कातडी विजेला फारसा विरोध करीत नाही. शरीरातून 10 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तर स्नायू आखडून पकडलेली वस्तू सोडता येत नाही. 30 मिलिअँपिअरच्या पुढे थोडा वेळ गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. चप्पल आतून-बाहेरून भिजलेली असते, आणि दुसरा हात लोखंडी नळावर असला तर चपलेचा काहीच उपयोग उरत नाही.

तेव्हा प्रथम सॉकेट पाहावे. तीन पिनांच्या प्लगमधील जी पिन इतरांहून जाड व लांब असते ती अर्थिंगची. पण सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे त्यामागे तार आहेच, असे नाही. कित्येक घरांत ते भोक रिकामेच असते. काही ठिकाणी वायरमनने सोय म्हणून ते न्यूट्रलच्या तारेला जोडून दिलेले असते. हा प्रकार फारच घातक, कारण न्यूट्रल कोठे तुटली की यंत्राच्या अंगावर सरळ वीज येते. पूर्वी लोखंडी नळालाही तार गुंडाळीत. नळ बदलून प्लास्टिकचा झाला की हे अर्थिंग कोणाच्या ध्यानात न येता संपते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मीटरने मोजून घ्यावे. हातातल्या टेस्टरचा दिवा याची खात्री देत नाही.

आपल्या जांभ्याच्या जमिनीची एक विशेष अडचण आहे. चैत्र-वैशाखात ती कोरडी ठणठणीत होते, आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. कोळसा व मीठ यांचे थर घालून केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे, ते याच कारणासाठी. खाऱ्या हवेने पट्टीचा बोल्ट गंजतो, तोही दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावा. वर उल्लेखिलेल्या गृहिणीच्या घरी पुढे वायरमन गेला तेव्हा अंगणाला सिमेंट घालताना खड्डाच बुजवून टाकलेला आढळला. तार तुटून भिंतीशी लोंबत होती. अंगण मात्र सुरेख झाले होते.

अर्थिंगच्या जोडीला आर.सी.सी.बी. हे उपकरण मुख्य स्विचजवळ असावे. आत गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतच ते वीज तोडते. एम.सी.बी. असली की हे काम होते असा समज सर्वत्र आहे, सुशिक्षितांतही. एम.सी.बी. वायरिंग तापून जळू नये म्हणून असते. माणसाला झटका बसला तर ती जागची हलतही नाही. आर.सी.सी.बी.वरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज गेली तर उपकरण ठीक आहे. पावसाळ्यात ते वारंवार पडते म्हणून बगल देऊन सरळ जोडणी करून घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते पडते याचा अर्थ कोठेतरी ओल आहे. ती ओल शोधावी.

यंत्र ठेवायची जागा पावसाच्या तुषारांपासून दूर व सपाट असावी. मागची उघडी पडवी सोयीची खरी, परंतु जुलैतील वाऱ्यापुढे तिचा निभाव लागत नाही. पाणी तापवणाऱ्या यंत्राला 16 अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट लागते. एक्स्टेन्शन बोर्डावर ते कधीही चालवू नये. पुढून दार असलेल्या नव्या यंत्राच्या पाठीमागे वाहतुकीसाठी घातलेले बोल्ट काढल्याशिवाय ते सुरू केल्यास यंत्र घरभर नाचते. पाण्याच्या दाबाचाही विचार करावा. 10 मीटर उंचीच्या टाकीतून सुमारे 1 बार दाब मिळतो. बैठ्या घराच्या छपरालगतची टाकी यंत्राला पुरेल की नाही, हे माहितीपुस्तिकेतील आकडा पाहून विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.

धुण्यासंबंधी थोडेच सांगायचे आहे. जांभ्याच्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते, त्यामुळे पावडर कमीच लागते. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेथे थोडी अधिक लागेल. बाटलीत पाणी व साबण घालून हलवावे. फेस झटकन आला तर पाणी मृदू. फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, ही समजूत चुकीची आहे. पावडर धाग्यात अडकून कपडे राठ होतात, आणि पुढून दाराच्या यंत्रात तर कमी फेसाचीच पावडर वापरावी. काही विहिरींच्या पाण्यात लोह असते. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस डाग पडू लागले की गृहिणी ब्लीच ओततात, आणि डाग अधिकच पक्के होतात. तेथे पाणी साठवून, गाळ बसू देऊन वरचे तेवढे घ्यावे. टब ठासून भरू नये. कपड्यांवर हात मोकळा फिरेल एवढी जागा राहावी.

दोन टबांच्या यंत्रात पिळण्याचा टब पुरता थांबल्याखेरीज आत हात घालू नये. त्याचा ब्रेक जुना झाला की झाकण उघडल्यावरही तो फिरत राहतो, आणि साडीचा पदर वा ओढणी त्यात गुंडाळली जाते. रॉकेल किंवा पेट्रोल लागलेले कपडे यंत्रात घालू नयेत. त्यांची वाफ आत पेट घेऊ शकते. लहान मुलांना यंत्राचे दार खेळायला देऊ नये.

एवढे करूनही कोणास झटका बसलाच, तर त्या व्यक्तीला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तो लांब असल्यास आपण कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्या व्यक्तीला यंत्रापासून दूर सारावे, श्वास पाहावा आणि 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरातील मुख्य स्विच कोठे आहे व तो कसा बंद करतात, हे शाळेत जाणाऱ्या मुलांनाही आजच दाखवून ठेवावे. दुपारी घरात बहुधा तीच असतात.