बाळाचे रक्त

पोटातल्या बाळाच्या अंगात रक्त कुठून येते? ‘आईचे रक्त बाळाला जाते,’ असे आपण म्हणतो. तसे नाही. बाळ आपले रक्त आपणच तयार करते. त्यासाठी लागणारा माल मात्र आईकडून वारेतून आणि नाळेतून येतो. त्या मालात लोह मुख्य.

जन्मताना तीन किलोच्या बाळात सुमारे २४० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर रक्त असते. दोन किलोच्या बाळात १६० च. आईला रक्तक्षय असला, की बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचे होण्याची भीती असते. बाळ लहान, तर रक्तही थोडे. जन्मानंतर काही महिने पुरणारा लोहाचा साठाही अपुरा पडतो. आणि आई? बाळंतपणात जास्त रक्त गेले, तर तिच्या जिवावरच बेतते.

हे दुखणे जुने आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई विलायतेहून मुंबईस आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बाया फिकट पडत, कित्येक दगावत. बाईंनी त्यांचे खाणे तपासले. ते निकस होते. यीस्टचा अर्क दिला, तेव्हा बाया सुधारल्या. त्या अर्कातल्या गुणकारी सत्त्वाला पुढे फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. हिरव्या पालेभाजीतही ते असते.

आपल्या अर्नाळ्यात मासळी दारात आहे. वसईची भाजीही दूर नाही. मग गरोदर सुनेच्या ताटात ती आधी वाढा. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा नको.

पण नुसत्या खाण्याने भागत नाही. सरकारी दवाखान्यात लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या घ्याव्या. बाळंतपणानंतरही तितक्याच. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. गोळीने बाळ काळे होते, हे खोटे. रक्त तपासून घ्या. आकडा ११ च्या खाली आला, तर रक्तक्षय. ७ च्या खाली गेला, तर लगेच मोठा दवाखाना गाठा.

आणखी एक. बाळ रडले, ठीक असले, तर नाळ घाईने बांधू नये. एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतले रक्त बाळाला मिळते. दवाखान्यात तशी विनंती आधीच करून ठेवा.

दर्यावर जाणाऱ्या भावांनो, निघण्याआधी घरात विचारा, ‘आज गोळी घेतली का?’

प्रश्न : १. बाळाचे रक्त कोण तयार करते? २. गोळी किती दिवस घ्यावी? ३. नाळ बांधायला का थांबावे?