अळवावरचं पाणी आणि चोवीस हजार रुपये

मित्रांनो, शीर्षक वाचून ही कविता-बिविता असेल असं वाटलं असेल तर आधीच सॉरी. हा लेख गाडीच्या रंगाबद्दल आहे. आणि त्याची सुरुवात झाली ती आमच्या घरच्या एका भांडणातून. भांडण म्हणजे अगदी भांडण नाही, पण दोन दिवस जेवताना फक्त टीव्हीचा आवाज येत होता, एवढं नक्की.

झालं असं की बाबांनी नवी गाडी घेतली. गडद निळी हॅचबॅक. आयुष्यातली पहिली नवी कोरी गाडी, कारण आधीच्या दोन्ही सेकंडहँड. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शोरूममधल्या माणसाने अगदी हळू आवाजात, जणू काही घरचाच आहे अशा थाटात सांगितलं, "सर, सिरॅमिक कोटिंग करून घ्या. नाइन एच हार्डनेस. तीन वर्षं स्क्रॅच नाही, काही नाही. अळवाच्या पानासारखं पाणी घसरतं बघा." किंमत चोवीस हजार, वर अठरा टक्के जीएसटी. आणि गाडी दोन तासांत तयार!

बाबा विरघळले. आई म्हणाली, एवढ्यात माझा फ्रिज येतो. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग."

आता थर्ड इयरपर्यंत आपण रंगाबद्दल काय शिकतो? मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसमध्ये एक पान, तेही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेलं. पण आई-बाबांसमोर असं थोडंच म्हणता येतं? मी चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण आज ना उद्या तुमच्या घरीही हा प्रश्न येणारच.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो चार थरांचा असतो. प्रथम पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करून अख्खी बॉडी टाकीत बुडवली जाते आणि तिला कॅथोड करून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवला जातो. याला ई-कोट म्हणतात. गंजापासून खरं संरक्षण तो देतो. त्यावर प्रायमर, त्यावर बेस कोट, ज्यात प्रत्यक्ष रंग असतो, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बाबांनी ज्यावर एवढा जीव लावला तो रंग दीड केसाएवढा जाड! त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४० मायक्रॉन. चमक असते ती या थराची आणि चरे पडतात तेही यालाच. तो एक प्रकारचं प्लॅस्टिकच आहे, पॉलियुरेथेन जातीचं.

सिरॅमिक कोटिंग बसतं ते या क्लिअर कोटवर. नाव सिरॅमिक असलं तरी भट्टी-बिट्टी काही नसते. बाटलीत सिलिकॉनची संयुगं असतात (सायलोक्सेन किंवा सायलाझेन). ती स्पंजाने पुसून लावली की हवेतल्या बाष्पाशी त्यांची रिॲक्शन होते आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी तयार होऊन काचेसारखा थर बसतो. तो वॅक्ससारखा उन्हात वितळत नाही आणि शाम्पूने निघून जात नाही. म्हणजे कल्पना चांगली आहे, फसवणूक नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी थोडी तिरकी होणार आहे.

जाडी किती? साधारण एक मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. ४० मायक्रॉनच्या मऊ गादीवर एक मायक्रॉनची कडक चादर. आता तुम्हीच सांगा, गादीवर टोकदार वस्तू दाबली तर चादर काय करणार?

इथेच ते सुप्रसिद्ध नाइन एच येतं. मला वाटलं होतं हिरा जर दहा तर हे नऊ! बहुतेक गिऱ्हाइकांनाही तसंच वाटतं, आणि वाटू दिलं जातं. पण मंडळी, हे 'एच' म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या ईडीच्या पेन्सिलीवरचं एच. एचबी, टू एच, तेच. आयएसओ १५१८४ या स्टँडर्डमध्ये ही टेस्ट आहे. पेन्सिलीचं टोक सपाट करायचं, ४५ अंशांत धरायची, ७५० ग्रॅमचा भार द्यायचा आणि ढकलायची. जी सर्वांत कडक पेन्सिल चरा पाडू शकत नाही, तो त्या रंगाचा नंबर. नाइन एच याचा अर्थ डब्यातल्या शेवटच्या पेन्सिलीनेही चरा पडला नाही, एवढाच. आणि पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. ते नऊ वेगळं आणि हिऱ्याच्या मोह स्केलवरचं नऊ वेगळं.

आपल्या गाडीवर पेन्सिली पडत नाहीत, धूळ पडते. मोह स्केलवर क्वार्ट्झ सात, आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधलं फेल्डस्पार सहा. आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू आहे, क्रश सँडचे डंपर दिवसभर येतात. ती धूळ कोरड्या फडक्याखाली आली की तो झाला पॉलिश पेपर. गंमत म्हणजे क्वार्ट्झ हेसुद्धा सिलिकॉन डायऑक्साइड. म्हणजे कोटिंग ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातला थोरला भाऊ रोज सकाळी बॉनेटवर येऊन बसतो.

या चऱ्यांचं एक मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसणारं गोल गोल जाळं असतं. इंग्लिशमध्ये त्याला स्वर्ल मार्क्स म्हणतात, मराठीत काय म्हणायचं मला माहीत नव्हतं, आई म्हणाली 'कोळिष्टक' म्हण. तर आमच्या गाडीवर कोळिष्टक पहिल्याच दिवशी पडलं. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू बाबांनी स्वतः, शोरूमने दिलेल्या पिवळ्या कापडाने, कोरडंच घासून पुसलं. त्या रात्री मी टॉर्च मारून दाखवला. बाबांचा चेहरा बघून वाटलं उगाच दाखवला.

पण उद्या ते कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, कारण कोटिंगचा हिशोब इथेच बदलतो. कोटिंगखाली जे आहे ते तसंच बंद होतं. त्यामुळे आधी मशीनने पॉलिश करून चरे काढावे लागतात, म्हणजे क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन खरवडायचे. खरं कौशल्य आणि खरे पैसे या कामात आहेत. चांगला माणूस आधी गेजने रंगाची जाडी मोजतो, मग हात लावतो, आणि या कामाला दिवस-दोन दिवस लागतात. त्यानंतर गाडी धूळ नसलेल्या जागी ठेवायची आणि आठवडाभर पाण्यापासून जपायची. आणि आमचे शोरूमवाले म्हणे दोन तासांत! दोन तासांत गाडी धुऊन, वाळवून, वर काहीतरी चोळून होतं. काय चोळलं ते देव जाणे. थोड्या वर्षांपूर्वी याच काउंटरवर 'टेफ्लॉन कोटिंग' विकलं जायचं. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. तव्यावर ते भट्टीत बसवता येतं, पण गाडीला तेवढं तापवलं तर रंगच राहणार नाही. तेव्हाही कोणी विचारलं नाही.

आता अळवाचं पान. हा भाग मला सगळ्यात आवडला. पृष्ठभागावर थेंब बसतो तेव्हा त्याच्या कडेला जो कोन होतो त्याला काँटॅक्ट अँगल म्हणतात. नव्वदच्या वर गेला तर पाणी नको म्हणणारा पृष्ठभाग. मी आमच्या बॉनेटवर सिरिंजने थेंब टाकून आडवा फोटो काढला आणि प्रिंटवर कंपास बॉक्समधला कोनमापक ठेवला. साधारण ऐंशी भरला. मित्राकडे नऊशे रुपयांचा सिलिकावाला स्प्रे होता, तो एका कोपऱ्यात मारून परत मोजला, शंभरच्या आसपास. प्रोफेशनल कोटिंगही शंभर-एकशेदहाच्या घरातलं असतं. मग भाजीवालीकडून अळू आणलं. त्यावर थेंब जवळजवळ पूर्ण गोळी होतो आणि घरंगळत जातो, कोन मोजायला टेकलेलाच दिसत नाही. अळवावर आणि कमळाच्या पानावर हा कोन दीडशेच्या वर असतो. कारण पानावर मेणाबरोबर सूक्ष्म खडबडीतपणा असतो. नुसत्या गुळगुळीत पृष्ठभागावर, केमिकल कितीही भारी असलं तरी, एकशेवीसच्या पुढे जाता येत नाही. गाडी चकचकीत हवी म्हणजे गुळगुळीतच हवी. त्यामुळे चमक आणि अळू, दोन्ही एकदम मिळत नाही. (अळूची नंतर भाजी झाली. एक्सपेरिमेंटचा तेवढा भाग बाबांना पटला.)

आणि हे थेंब नेहमी चांगलेच असतात असंही नाही. आमच्याकडे धुवायला बोअरचं पाणी. जड. प्रेशर कुकरच्या आत पांढरा थर बसतो तसं. पाणी सपाट पसरून वाळलं तर पुसट पापुद्रा राहतो, पण उभा थेंब जागच्या जागी वाळला तर सगळा कॅल्शियम एका ठिपक्यात गोळा होतो. म्हणजे कोटिंग केलेली गाडी उन्हात तशीच ओली सोडली तर ठिपके जास्त उठून दिसतात.

मग कोटिंगचा फायदा काय? आहे ना. चिखल घट्ट चिकटत नाही, धुणं सोपं होतं. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं, उन्हाने मऊ झालेल्या क्लिअर कोटवर त्याचे डाग कायमचे उमटतात, कोटिंगमुळे ती पुसायला आपल्याला थोडा जास्त वेळ मिळतो. रंगाला खोली येते, काळ्या गाडीवर तर बघतच राहावं अशी. पण खडी उडून टवका जातो, तो कोटिंग थांबवत नाही. त्याला पारदर्शक फिल्म लागते, १५० ते २०० मायक्रॉनची, आणि तिचा खर्च वेगळ्याच गावचा. कोकणातले मित्र विचारतात गंजाचं काय? गंज जोडांतून आणि खालच्या बाजूने सुरू होतो, कोटिंग तिथे पोचतच नाही.

बाबांसाठी मी एका कागदावर हिशोब मांडला. चोवीस हजार अधिक जीएसटी म्हणजे २८,३२०. वॉरंटी टिकवायला दरवर्षी त्यांच्याकडेच मेंटेनन्स, टॅक्ससकट २,९५० रुपये, दोनदा. एकूण ३४,२२०. तीन वर्षांच्या छत्तीस महिन्यांनी भागलं तर महिना साडेनऊशे. गाडी पुसणारे मामा महिन्याचे पाचशे घेतात. दुसरीकडे दोन बादल्या, डझनभर मायक्रोफायबर, शाम्पू आणि दर तीन महिन्यांनी मारायला स्प्रे, असं सगळं तीन वर्षांचं मिळून सहा हजारांच्या आत. म्हणजे त्यांच्या नुसत्या मेंटेनन्सएवढं. वॉरंटीचा कागदही वाचला. चरे, पाण्याचे डाग आणि 'अयोग्य धुलाई' वगळली होती. मग उरलं काय?

माझं मत असं झालं: ज्याची गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये असते, जो ती स्वतःच्या हाताने नीट धुतो आणि सहा-सात वर्षं ठेवणार आहे, त्याने जरूर करावं, पण शोरूममध्ये नाही. जाडी मोजून दाखवणाऱ्या, सीलबंद बाटली समोर फोडणाऱ्या आणि दोन दिवस मागणाऱ्या माणसाकडे करावं. आमची गाडी रेन ट्रीखाली उघड्यावर उभी असते आणि रोज पुसली जाते. आमच्यासाठी नाही.

बाबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे रोज पुसायचीच नाही?"

हाच खरा अवघड भाग निघाला. मामा सकाळी दोन तासांत बावीस गाड्या करतात, एक बादली, एक फडकं. पाचव्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे वाळूचं सूप. मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदाच भरपूर पाणी मारून धुवा." ते गप्प झाले. मला आधी कळलंच नाही. मग बाबा पुढे झाले, "पैसे तेवढेच हो, पाचशेच." तेव्हा मामा हसले. आमची फडकी वेगळी ठेवायचं कबूल केलं, दुसरी बादली आम्ही दिली. ती ते बाकीच्या गाड्यांनाही वापरतात, हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

गाडी ठीक आहे. मागच्या रविवारी बाहेरगावी जायचं होतं म्हणून मामांनी आपणहून, प्रेमाने, बॉनेट कोरडंच चकाचक पुसून ठेवलं. बाबांनी खाली वाकून बघितलं, मोबाइल काढला, टॉर्च लावणार तेवढ्यात परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "बसा, उशीर होतोय."

शोरूमचा फोन अजून येतो. भाव एकोणीस हजारांवर आलाय.