डफ, तुणतुणे आणि लोकमत

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा इतिहास आपण वाचतो तो बहुधा आयोगांचा, ठरावांचा आणि पुढाऱ्यांच्या भाषणांचा. शाहिरांच्या वाट्याला येते ती एखादी ओळ : ‘शाहिरांनी जनजागृती केली.’ ही जागृती नेमकी कशी झाली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रस्तुत लेखात मी यथामति प्रयत्न केला आहे.

प्रथम काळ पाहू. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. मुंबईसह सर्व मराठी भाषकांचे एक राज्य त्याने नाकारले. गुजराती व मराठी मुलखाचे द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस केली. त्या सुमारास, म्हणजे १९५१ च्या जनगणनेनुसार, देशात शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. अग्रलेख कितीही धारदार असला तरी उरलेल्या ब्याऐंशींना तो स्वतः वाचता येणार नव्हता. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच ज्याला अक्षर येत नाही त्याला राजकारण कळत नाही, हे म्हणणे मला पटत नाही. त्याला ते त्याच्या बोलीत सांगावे लागते, इतकेच.

ही वाट महाराष्ट्राला नवी नव्हती. महात्मा फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे विचार पुढे जलशांनी खेडोपाडी नेले. त्यानंतर आंबेडकरी जलशांनीही तेच कार्य केले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले, ते याच परंपरेच्या पायावर. अण्णाभाऊ वाटेगावचे, शालेय शिक्षण जवळजवळ नाही, आणि मुंबईत गिरणीकामगाराचे जिणे. आपण कोणापुढे गातो आहोत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

या शाहिरांचे खरे कौशल्य मला दिसते ते असे : त्यांनी लोकांचा ओळखीचा साचा मोडला नाही, त्यातला ऐवज बदलला. तमाशाच्या आरंभी गणात गणेशाला वंदन असते. अण्णाभाऊंनी तेथे मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केले. गौळण गाळली. बतावणीतला विनोद सावकारावर आणि सत्तेवर वळवला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, तेव्हा हाच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने उभा राहिला. पठ्ठे बापूरावांनी लावणीत मुंबईचे वैभव गायिले होते. अण्णाभाऊंनी मुंबईचीच लावणी रचून त्या वैभवाशेजारची दैना दाखविली.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. पोटासाठी मुंबईला निघालेला एक माणूस गावी राहिलेल्या आपल्या कारभारणीच्या आठवणीने व्याकुळ होतो. येथवर ही विरहाची लावणी. पण ऐकता ऐकता ती मुंबईतील विषमतेकडे आणि तेथून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याकडे वळते. घरोघरच्या ताटातुटीला मुलखाची ताटातूट जोडली जाते. सीमा, आयोग, द्विभाषिक हे कागदावरचे शब्द. शाहिराने त्यांना ज्याच्या-त्याच्या उंबऱ्याशी आणून बसविले. माझ्या मते ‘जनजागृती’ या शब्दाचा अर्थ हाच.

अर्थात केवळ गाण्यांनी राज्य मिळाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, सत्याग्रह झाले, आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातील मतदारांनी सत्ताधारी पक्षाला हादरा दिला. तेव्हा कोठे १ मे १९६० उजाडला, आणि तरीही बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. गाण्याने गोळी अडत नाही. मात्र गोळीबारानंतर पुन्हा मैदानात जमण्याचे बळ जमावाला कोठून येते, याचा विचार केला तर डफाचा वाटा लहान ठरत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदविते. मैनेविषयी शाहीर भरभरून गातो, पण मैना स्वतः बोलत नाही. गावी राहिलेल्या बाईला या लढ्याविषयी काय वाटत होते? जात्यावरच्या ओव्यांत तिचे उत्तर असेलही. ते कोणी शोधले पाहिजे.

आपल्या अभ्यासक्रमात छापील कवितेला जी जागा आहे ती या कवनांना मिळावी, असे मला वाटते. त्या काळी कलापथकांमागे धरून गाणारी माणसे आता फार थोडी उरली असतील. आपल्या तालुक्यात कोणी असल्यास त्यांच्या तोंडची कवने चालीसकट टिपून घेण्याचे काम मराठी आणि इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून हाती घ्यावे. लिहून घेण्यासाठी आम्ही विद्यार्थी आनंदाने जाऊ.