परभणीत समुद्र : घरच्या टाकीतील प्रवाळाची निगा

आपल्याकडे पोवळं म्हटलं की मंगळाची अंगठी आठवते. पण ते पोवळं म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. जिवंत प्रवाळ मी पहिल्यांदा पाहिलं ते दादरला, मामेभावाच्या टाकीत. त्याने आपल्या टाकीतला पाच तोंडांचा तुकडा दिला आणि मी तो डब्यात घालून देवगिरी एक्सप्रेसने परभणीला आणला. टाकी त्याआधी सहा आठवडे नुसत्या पाण्यावर चालवली होती, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. बरेच जण इथेच घाई करतात.

हे प्रवाळ म्हणजे झोअँथिड, ज्याला शौकीन लोक बटण पॉलिप म्हणतात. बटणाएवढी चकती आणि कडेने बारीक झालर. अंगातली सूक्ष्म शेवाळं उजेडावर अन्न तयार करतात, त्यावर याचा बराचसा निर्वाह होतो. दगडी सांगाडा नसल्याने कॅल्शियमची फार मागणी नाही, म्हणून नवशिक्याला हेच सुचवतात. मुंबईत हाजीअलीच्या खडकांवर ओहोटीला याचे गालिचे उघडे पडतात, म्हणजे जीव तसा सोशिक. मात्र सोशिक म्हणजे काहीही खपवून घेणारा नव्हे, हे मला नंतर कळलं.

टाकी १०० लिटरची, क्षारता हजारी ३५, म्हणजे ढोबळ मानाने साडेतीन किलो मीठ. (जेवणातलं मीठ नव्हे, मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मिश्रण.) पाणी बोअरचं चालत नाही. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड, त्यात शेतातल्या खतांचं नायट्रेट. आरओचं पाणी वापरून त्यात मीठ कालवायचं.

परीक्षेच्या दिवसांत मी हॉस्टेलवर होतो. टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडायचं. आईला वाटलं, मिठाचं पाणी कमी झालं तर मिठाचंच घालायला हवं. आठ दिवसांत १६ लिटर पाण्याबरोबर ५६० ग्रॅम मीठ टाकीत गेलं आणि क्षारता चाळीसच्या वर. हायड्रोमीटर १.०२५ ऐवजी १.०३० दाखवत होता, पाचही तोंडं मिटलेली. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. भरपाई गोड्या पाण्यानेच करायची. चूक माझी, सांगून गेलो नव्हतो. क्षारता एकदम खाली आणणंही घातक, म्हणून रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घालत आठवडाभरात पूर्ववत केली. चार तोंडं उघडली, एक गेलं.

आता उन्हाळा. झोअँथिडला २४ ते २७ अंश बरे. तिशीपलीकडे बराच काळ गेला तर अंगातली शेवाळं बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंश! चिलर परवडत नाही. इथे थर्मोडायनॅमिक्स कामाला आलं. एक लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता नेतं. १०० लिटर पाणी एक अंशाने गार करायला ४२० लागतात. म्हणजे लिटरभर बाष्पीभवन साडेपाच अंशांच्या बरोबरीचं. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब सुमारे २४ येतो. आपला माठ याच हिशेबावर चालतो. जुन्या कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरपे लावले. दमट मुंबईत ही युक्ती एवढी चालत नाही, तिथे मामेभावाला एसी लावावा लागतो. पंखे बॅटरीवर असल्याने लोडशेडिंगमध्येही थांबत नाहीत. पाणी मात्र दुप्पट उडतं, त्यामुळे आरओचा कॅन कायम भरलेला हवा.

कुणी सुट्टीत मालवणला जाऊन खडक उचलून आणायचा बेत करत असेल तर थांबा. दगडी प्रवाळांच्या सर्व जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये अवघ्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, त्यालाही परवानगी घ्यावी लागली. झोअँथिड दगडी नाही, पण उचललेल्या खडकावर काय काय चिकटलेलं असेल ते तुम्हा-आम्हाला ओळखता येणार नाही. माझ्या टाकीत सिरॅमिकचे दगड आहेत.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विष. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या अशाच एका प्रवाळातून ते वेगळं केल्याचं १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. ते जगातल्या अतिजहाल विषांपैकी एक आहे. कोणत्या तुकड्यात किती, हे रंगावरून कळत नाही. म्हणून दगड उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचं नाही, ब्रशने घासायचा नाही. वाफेतून आणि तुषारांतून ते श्वासात जातं. अमेरिकेत अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानांत आणि घरांत अशी माणसं आजारी पडल्याची नोंद आहे. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. हाताळताना हातमोजे आणि गॉगल हवेतच, नंतर साबणाने हात धुवा. त्रास वाटला तर डॉक्टरांना टाकीबद्दल आधी सांगा, नाहीतर ते साधा ताप समजतील.

चाराची आता अकरा तोंडं झालीत. हातमोजे टाकीशेजारी टांगलेले असतात. आईने त्यावर चिठ्ठी लावलीय : भांडी घासायला घेऊ नयेत.